लक्ष्मणरावांचा नांगर आणि लोकांचा पैसा

गेल्या उन्हाळी सुट्टीत प्रस्तुत लेखकाकडे त्याचा एक जुना विद्यार्थी आला होता. अर्थशास्त्राची पदवी घेतल्यानंतर त्याने दोन अभियंता मित्रांसह एक उपकरण तयार केले आहे. जमिनीतील ओल मोजून विहिरीवरचा पंप आपोआप चालू वा बंद करणारे हे उपकरण त्याने टेबलावर मांडून दाखविले आणि ते चालले. सहा आठवड्यांनी इंटरनेटवरून लोकांना आवाहन करून एक हजार नगांची आगाऊ रक्कम गोळा करावयाची, असा त्याचा बेत होता. आवाहनाचा मजकूर कसा असावा, चित्रफीत किती मिनिटांची असावी, पहिल्या शंभर ग्राहकांना किती सवलत द्यावी, हे त्याचे प्रश्न होते. हजारावा नग कोण बनविणार आणि तो बिघडला तर दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न त्याने विचारला नाही. त्याला उत्तर देताना ज्या एका माणसाचे चरित्र वारंवार मनात येत राहिले, ते येथे सांगावयाचे आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचे नाव महाराष्ट्रात ठाऊक नाही असा माणूस विरळा. तथापि मोठ्या झालेल्या माणसांच्या बाबतीत जे होते तेच त्यांच्या बाबतीतही झाले आहे. त्यांच्या यशाची जयंती आपण साजरी करतो आणि त्या यशापूर्वीची रिकामी, अपमानाची व अनिश्चिततेची वर्षे एका वाक्यात उरकून टाकतो. वस्तुतः नव्या उद्योजकाने अभ्यास करावा तो नेमका त्या वर्षांचा.

चित्रकार व्हावयास निघालेला यांत्रिक

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमत नसे. ओढ होती ती दोन गोष्टींची, चित्रांची आणि यंत्रांची. वडील बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही काळाने असे ध्यानात आले, की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट कळत नाही. चित्रकार होण्याचा मार्ग अशा रीतीने खुंटला. ज्याला रंग साधत नाहीत त्याला रेषा तरी साधतील, या हिशेबाने त्यांनी यांत्रिक रेखांकनाची कास धरली आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथील कर्मशाळेत मोकळ्या वेळी यंत्रे खोलावी, जुळवावी, त्यांची पुस्तके वाचावी, असा त्यांचा क्रम होता. त्यांचे खरे शिक्षण झाले ते याच काळात, आणि त्यासाठी कोणी पदवी दिली नाही.

इकडे १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंच्या नावाने सायकलींचा व्यवसाय सुरू झाला होता. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली खरेदी कराव्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्या, शिवाय गिऱ्हाइकाला चालविण्यास शिकवावे. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका युरेशियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास परतले. स्वाभिमानाची ही गोष्ट चरित्रकारांना प्रिय आहे, ते योग्यच आहे. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला मात्र त्यातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. नोकरी सोडली तेव्हा घरात चालू असलेला एक व्यापार होता. तो लहान होता. पण रोज गल्ल्यात काही ना काही पडत होते. पुढील प्रयोगांना उसंत मिळाली ती या गल्ल्यामुळे.

न विकल्या गेलेल्या नांगरांची वर्षे

सायकली विकता विकता लक्ष्मणरावांचे लक्ष शेतकऱ्याकडे वळले. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. आपल्याकडील लाकडी नांगर जमीन चिरीत जातो; ढेकूळ उलथवीत नाही. काळ्या जमिनीत हरळीची वा कुंद्याची मुळे खोल गेली, की लाकडी नांगराचे त्यापुढे फारसे चालत नाही. लोखंडी नांगराचा वक्र पंखा माती उचलून पालथी घालतो, तण गाडतो व खालची माती वर आणतो. विलायतेहून असे नांगर येत असत. परंतु त्यांची किंमत आणि दुरुस्ती या दोन्ही गोष्टी सामान्य कुणब्याच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. तेव्हा येथेच, येथील बैलांना ओढवेल असा, येथील लोहाराला समजेल असा नांगर करावा, ही लक्ष्मणरावांची कल्पना.

कल्पना निर्दोष होती. नांगरही झाला. परंतु तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक नासते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्या लाकडी नांगरावर पोट भरले तो टाकून एका सायकलवाल्याचे लोखंड शेतात का घालावे, असा विचार त्याने केला तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. शेतकऱ्याचा एक हंगाम बुडाला तर वर्ष बुडते. ज्याचे सर्वस्व पणास लागते तो नव्या वस्तूबद्दल साशंक असतो, आणि ही शंका म्हणजेच त्याचा विमा असतो. लक्ष्मणरावांच्या नांगराला पहिली गिऱ्हाइके मिळण्यास दोन वर्षे लागली. त्या मुदतीत माल तयार होता, भांडवल त्यात अडकले होते आणि विक्री नव्हती.

क्षणभर अशी कल्पना करावी, की १९०३ साली लक्ष्मणरावांनी एक हजार शेतकऱ्यांकडून नांगराची आगाऊ रक्कम घेतली असती. पहिल्या नगांत काय उणे आहे हे जमिनीत घातल्यावाचून कळत नाही. फाळ म्हणजे नांगराचा झिजणारा भाग. तो मऊ असला तर लवकर बोथट होतो आणि फार कडक व ठिसूळ असला तर दगडाला लागून तुटतो. इसाड व फाळ यांचा कोन चुकला तर नांगर एक तर जमिनीत रुतून बसतो किंवा वरून सरकत जातो, आणि रुमणे धरणाऱ्याच्या हाताला फोड येतात. हे दोष दहा नांगरांत असतील तर त्यांस अनुभव म्हणावयाचे. तेच हजार नांगरांत, तेही लोकांनी आधी पैसे मोजलेल्या हजार नांगरांत निघाले, तर माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. ती दोन वर्षे लक्ष्मणरावांना क्लेशदायक झाली असतील यात शंका नाही. परंतु त्या काळात त्यांनी ज्या चुका केल्या त्यांची किंमत त्यांनी स्वतःच दिली.

औंधचा राजा आणि निवडुंगाचे रान

नांगर खपू लागले, कारखाना चालू लागला आणि नेमक्या त्याच वेळी बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी जागा खाली करण्याचा हुकूम बजावला. भट्टी, लेथ, साचे, कामगार, सर्व घेऊन जावे कोठे? अशा प्रसंगी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या मुलखात बोलाविले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, गुणग्राही होते आणि लक्ष्मणराव काय योग्यतेचे आहेत हे ते जाणून होते. कुंडल रोड या रेल्वे स्थानकानजीक ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी दिले.

१९१० च्या मार्च महिन्यात त्या माळरानावर वस्तीस आरंभ झाला. निवडुंगाचे रान, सापांचा सुळसुळाट, पाण्याची वाण अशी ती जागा. सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे एवढ्यावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. रामूअण्णांनी वस्तीची व्यवस्था पाहावी, शंभुराव जांभेकरांनी यंत्रांकडे लक्ष द्यावे, मंगेशराव रेग्यांनी हिशेब व पत्रव्यवहार सांभाळावा, अशी कामाची वाटणी झाली. रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा दंडक त्यांनी घातला. आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेल्या या गावाचे नावच रेल्वे स्थानकालाही मिळाले आहे.

पहिले महायुद्ध आले तेव्हा परदेशी मालाची आवक रोडावली आणि देशी नांगराला मागणी वाढली. परंतु त्याच युद्धाने लोखंड आणि कोळसा दुर्मिळ केला. गिऱ्हाईक दाराशी आहे आणि भट्टीत घालावयास काही नाही, ही कारखानदाराची दुसरी परीक्षा. पहिल्या परीक्षेत माल होता आणि मागणी नव्हती, तर या परीक्षेत सारे उलटे होते. मागणी म्हणजे उत्पादन नव्हे, हा धडा ज्यांना पाठ्यपुस्तकातून कळत नाही त्यांनी किर्लोस्करवाडीची ही चार-पाच वर्षे डोळ्यांसमोर आणावी.

या दोन्ही परीक्षांतून पार पडल्यावर, १९२० साली, लक्ष्मणरावांनी आपल्या धंद्याचे सार्वजनिक मर्यादित कंपनीत रूपांतर केले. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले. मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा आरंभीचा हेतू होता. पुढे त्याचे केवढे वाङ्मयीन मासिक झाले हे सर्वश्रुत आहे. प्रसिद्धीचे महत्त्व किर्लोस्करांना कळत नव्हते असे कोणी म्हणू नये. त्यांनी क्रम मात्र उलटा केला नाही. आधी नांगर झाला, नंतर खबर निघाली.

पुढे १९२६ च्या सुमारास पंप आले, मग तेलावर चालणारी एंजिने आली. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन परतले आणि धंद्याचा व्याप वाढत गेला. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला, कारण यंत्रे जळाली तरी कामगारांचे हात, गिऱ्हाइकांचा विश्वास आणि घेणेकऱ्यांकडची पत ही जळाली नव्हती. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

पैशाचा क्रम

या चरित्राकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर लक्ष्मणरावांनी तीन टप्प्यांत तीन प्रकारचा पैसा वापरला असे दिसते. वस्तू चालेल की नाही हेच ठाऊक नव्हते तेव्हा घरचा पैसा. वस्तू चालते हे सिद्ध झाले पण कारखाना उभा राहील की नाही हे ठाऊक नव्हते तेव्हा एका जाणत्या माणसाचे कर्ज. बुडाले तरी त्याच्या चुलीवर परिणाम होणार नाही अशा माणसाचे. आणि वस्तू व कारखाना दोन्ही सिद्ध झाल्यावर, म्हणजे पहिल्या नांगरानंतर सुमारे सतरा वर्षांनी, सर्वसाधारण लोकांसमोर भागभांडवलासाठी दरवाजा. जसजसा धोका कमी होत गेला तसतसा अधिक लहान खिशातला पैसा आत आला. हा क्रम त्यांनी एखाद्या सिद्धांताप्रमाणे आखला होता असे सुचवावयाचे नाही. परिस्थितीनेही तो लादला असेल. परंतु तो क्रम न्यायाचा होता, एवढे निश्चित.

लोकांच्या लहान लहान रकमांतून उद्योग उभारण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी पैसा-पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. परंतु पैसा फंडाला पैसा देणाऱ्याने त्याच्या मोबदल्यात काचेचा पेला मागितला नव्हता. ती देणगी होती. देणगी, भाग, कर्ज आणि मालाची आगाऊ किंमत या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. देणगी देणारा रक्कम गेली असे समजूनच देतो. भागधारक नफ्याच्या आशेने तोट्याची जोखीम पत्करतो. सावकार तारण पाहतो. आगाऊ किंमत देणारा मात्र आपण खरेदी केली असे समजतो. त्याने जोखीम पत्करली आहे हे त्याच्या गावीही नसते. आजच्या क्राउडफंडिंगचा सारा घोळ येथे आहे.

अमेरिकेत २००९ साली किकस्टार्टर हे व्यासपीठ सुरू झाल्यापासून ही पद्धत जगभर पसरली. तिच्यामुळे अनेक होतकरू माणसांना भांडवल मिळाले, हे नाकारता येत नाही. परंतु २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका अभ्यासकाच्या पाहणीत असे आढळले, की डिझाइन व तंत्रज्ञान या गटांतील पैसे मिळालेल्या प्रकल्पांपैकी पाऊणशे टक्क्यांहून अधिक प्रकल्पांनी कबूल केलेल्या तारखेनंतर माल दिला. यातील बहुतेक माणसे लबाड नव्हती. त्यांचा एक नमुना चालत होता. हजार नग करणे हे वेगळे शास्त्र आहे, हे त्यांना पैसे घेतल्यानंतर कळले.

इंटरनेट येण्यापूर्वीचेही एक उदाहरण आहे. प्रेस्टन टकर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९४७ साली शिकागोत आपल्या नव्या मोटारीचा नमुना थाटाने लोकांसमोर आणला. विक्रेत्यांकडून त्याने एजन्सीचे पैसे घेतले, जनतेला भाग विकले आणि मोटार हाती नसताना तिच्या आसनांची वेष्टणे व रेडिओदेखील आगाऊ विकले. मोटारीतील काही कल्पना खरोखरच काळाच्या पुढच्या होत्या. परंतु नमुन्यातले एंजिन बदलावे लागले, मुदती लांबल्या, सरकारी चौकशी आली आणि पहिला नमुना धरून ५१ मोटारी झाल्यावर सारे थांबले. १९५० साली न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पण तोवर सोडण्यासारखी कंपनीच उरली नव्हती. तो १९५६ सालीच, लक्ष्मणरावांनंतर तीन महिन्यांनी निवर्तला. टकरला मोठे शत्रू होते असे त्याचे चाहते म्हणतात. असतीलही. परंतु शत्रूंना वाव मिळाला तो वचन आणि वस्तू यांच्यामधल्या रिकाम्या जागेत.

एक आक्षेप

यावर माझ्या विद्यार्थ्याने जो आक्षेप घेतला तो टाकाऊ नाही. लक्ष्मणरावांना दोन वर्षे थांबता आले, कारण त्यांच्यामागे भावाचे दुकान होते. नंतर औंधचा राजा भेटला. ज्याला ना दुकान ना राजा, त्याने काय करावे? बँक तारण मागते, गुंतवणूकदार इंग्रजी मागतो. सामान्य घरातील मुलाला लोकांशिवाय कोण आहे? प्लास्टिकच्या साध्या वेष्टणाचा साचा करावयाचा तर पहिला नग निघण्यापूर्वी लाखांत खर्च येतो. हा युक्तिवाद ऐकून प्रस्तुत लेखक काही वेळ निरुत्तर झाला, हे मान्य केले पाहिजे. लोकांकडे जाऊच नये असे म्हणणे म्हणजे उद्योग श्रीमंतांच्या मुलांसाठी राखून ठेवणे होय.

म्हणून प्रश्न लोकांकडे जावे की नाही हा नाही. कोणत्या तयारीनिशी जावे हा आहे. मोहिमेच्या आधी निदान दहा नग दहा वेगवेगळ्या विहिरींवर एक उन्हाळा आणि एक पावसाळा चालले पाहिजेत. कमी दाबाची वीज, चिखल, उंदीर आणि घाईत असलेला सालगडी या चौघांची परीक्षा टेबलावर होत नाही. हजार नगांचा दर कारखानदाराकडून लेखी घेतला पाहिजे. सुट्या भागांची टंचाई, वाहतूक, कर, परत येणारे नग आणि वर्षभराची दुरुस्ती हे सर्व त्या किमतीत धरले पाहिजे. मोहीम अपेक्षेच्या पाचपट यशस्वी झाली तर काय, याचाही हिशेब हवा. युद्धकाळातील किर्लोस्करवाडीप्रमाणे मागणीनेही कारखाना संकटात येतो. कायद्याचीही जाण हवी. मालापोटी कंपनीने घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालाच्या पुरवठ्यात वळती झाली नाही तर तिला ठेवीचे स्वरूप येते, अशी तरतूद कंपन्यांच्या ठेवींविषयीच्या २०१४ च्या नियमांत करण्यात आली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आवाहनातच स्पष्ट सांगावे, की तुम्ही वस्तू विकत घेत नसून एका प्रयत्नात सहभागी होत आहात; आमच्याकडे अमुक सिद्ध झाले आहे आणि तमुक व्हावयाचे आहे. असे सांगितल्याने पैसे कमी जमतील. जमतील ते मात्र डोळस माणसांचे असतील.

त्या मुलाचा ग्राहक शेतकरी आहे. १९०३ साली लोखंडी नांगराकडे संशयाने पाहणाऱ्या शेतकऱ्याचा हा पणतू. एका हंगामात उपकरण बंद पडून ऊस वाळला, तर तो त्या कंपनीवर रुष्ट होईल एवढेच नव्हे, तर पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या उपकरणाला तो दारातूनच परत पाठवील. लोकांच्या विश्वासाचे भांडवल एकट्याच्या मालकीचे नसते. ते सामाईक विहिरीसारखे असते, आणि एकाने ती उपसली की शेजाऱ्याचीही बागायत जाते.

मोहिमेची तारीख एक वर्ष पुढे ढकलावी, असा सल्ला प्रस्तुत लेखकाने दिला आहे. विद्यार्थी नाखूष होऊन गेला. परवा त्याचा दूरध्वनी आला. तारखेबद्दल तो काही बोलला नाही. आमच्या गावाकडे ज्यांच्या विहिरीवर एखादा नग बसविता येईल असे कोणी आहे काय, एवढेच त्याने विचारले. माझ्या चुलत्यांची विहीर आहे. जूनमध्ये तेथे एक नग बसेल.